मधला वेळ कुणी खाल्ला?

धुळ्यात अनंत चतुर्दशीला एका गणपतीची पालखी जुन्या धुळ्यातल्या मशिदीसमोर थांबते. तिथे आरती होते, मुस्लीम मंडळी पालखीवर फुलं उधळतात. गाव या गणपतीला ‘खुनी गणपती’ म्हणतं, कारण १८९५ साली याच जागी मिरवणुकीवरून दंगल झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. आजची फुलं आली ती त्यानंतर. ‘आपल्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहत होते, व्हॉट्सॲपने नासवलं’ असं पारावर ठासून सांगणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवलेलं बरं. २००८च्या ऑक्टोबरात धुळं पेटलं ते पोस्टर फाडल्याच्या वादातून, आणि तेव्हा स्मार्टफोन कितीजणांच्या खिशात होते?

उलट खान्देशात मोबाइल पहिल्यांदा गाजला तो साक्षीदार म्हणून. ६ जानेवारी २०१३ला धुळ्याच्या मच्छीबाजारात एका हॉटेलातल्या किरकोळ बिलावरून भांडण झालं आणि बघता बघता दोन जमाव समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात सहाजण गेले. सहाही मुस्लीम. एरवी अशा प्रकरणात ‘तुमचं म्हणणं’ आणि ‘आमचं म्हणणं’ एवढंच उरतं. इथे लोकांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिपा बाहेर आल्या. त्यात खाकीतलीच माणसं मोडतोड करताना, सामान उचलताना दिसली आणि सहा पोलिसांना अटक झाली. त्या क्लिपा नसत्या तर तक्रार करणाऱ्यांवर किती लोकांनी विश्वास ठेवला असता, याबद्दल मला शंका आहे.

२०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोन पाड्यापाड्यात पोचला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत राईनपाडा घडलं.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या या गावाचा आठवडे बाजार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आणि व्हिडिओ त्या भागात फिरत होते. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण भिक्षा मागत तिथे आले. एका लहान मुलीशी ते बोलले, एवढ्यावरून संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने मारून टाकलं. मारणारे आणि मरणारे यांच्यात धर्माचं भांडण नव्हतं. म्हणूनच धर्माधर्मांतल्या अविश्वासाबद्दल बोलताना राईनपाडा वगळता येत नाही. समोरच्यावर अविश्वास दाखवायला धर्म लागत नाही, ‘तो आपल्यातला नाही’ एवढं पुरतं. आणि हे सांगायला फोन सगळ्यांच्या आधी हजर असतो.

त्याच रात्री मालेगावात, आझादनगरच्या मुस्लीम वस्तीत, अगदी हीच अफवा पसरली. परभणीकडचं भिक्षा मागणारं पाचजणांचं एक कुटुंब जमावाच्या हाती सापडलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूलही होतं. वस्तीतल्याच एकाने त्यांना घरात घेतलं, पोलीस येईपर्यंत दार लावून धरलं. पाचहीजण वाचले. राईनपाड्याची आठवण निघते तेव्हा ही दुसरी हकिगत कुणी सांगत नाही. खरं तर शाळाशाळांत सांगावी अशी ती आहे.

राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला पत्र धाडलं, कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. उपाय चांगला, पण अपुरा. पाचजण पाचपाच ग्रुपांत टाकू लागले की मर्यादा कुठे उरते?

पुढच्या काळात भांडणाची निमित्तंच बाहेरून येऊ लागली. पूर्वी वाद व्हायचा तो आपल्या गल्लीतल्या वाजंत्रीवरून, आपल्या चौकातल्या फलकावरून. वाईटच, पण दोन्हीकडचे चार म्हातारे जाऊन मिटवू शकत, कारण पोरं कुणाची हे त्यांना ठाऊक असे. २०२३च्या जूनमध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. १६ ऑगस्ट २०२४ला बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांच्या निषेधार्थ जळगाव बंद झालं आणि दगड जळगावातच पडले. ढाक्यातल्या घटनेबद्दल जळगावच्या म्हाताऱ्यांनी कुणाच्या बापाला जाऊन भेटायचं? ऐकणं आणि हात उचलणं यांच्यामध्ये जो वेळ असायचा तो या फोनने खाल्ला. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच.

जळगावच्या त्या बंदनंतर बारा दिवसांनी धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीजवळ जळगाव जिल्ह्यातल्या एका बहात्तर वर्षांच्या मुस्लीम गृहस्थाला, सोबतच्या डब्यात मांस आहे म्हणून, तरुणांनी मारहाण केली. ते लेकीकडे कल्याणला निघाले होते. पोरं धुळ्याची, पोलीस भरतीच्या परीक्षेला निघालेली. व्हिडिओ हल्लेखोरांच्या बाजूनेच काढला गेला, मिरवायला. तोच पुढे त्यांच्या अटकेचा पुरावा झाला. मग त्या गृहस्थांनी आत्महत्या केल्याची अफवा उठली, आणि आपण जिवंत आहोत, शांत राहा, हे सांगायला त्यांनाच कॅमेऱ्यापुढे यावं लागलं. मार, पुरावा, अफवा आणि खुलासा, चारही एकाच पडद्यावर.

जाता जाता एक गोष्ट. याच फोनवर ‘खान्देश का छोटू दादा’चे विनोदी व्हिडिओ पाहून हसणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत. त्यातली कलाकार मंडळी मालेगावची, बहुतेक मुस्लीम. हसताना कुणी आडनाव विचारत नाही. पण त्यातून ओळख होते असंही मी म्हणणार नाही. हसवणारा माणूस आवडणं वेगळं आणि शेजारचा माणूस ओळखीचा असणं वेगळं.

पोलीस ठाण्यांच्या शांतता समित्या सण तोंडावर आले की बसतात. चहा होतो, फोटो निघतो, पांगापांग होते. अफवा मात्र सणाची वाट पाहत नाही. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक पेठेने आणि मोहल्ल्याने या समितीचा, दोन्हीकडच्या माणसांचा, ग्रुप बारा महिने चालू ठेवावा. त्यात सुप्रभातची फुलं टाकू नयेत. ‘हे खरं आहे का?’ एवढंच विचारावं आणि उत्तर येईपर्यंत तो मेसेज कुणी पुढे पाठवू नये.