गंज आधी, रंग शेवटी

भंगारवाल्याचा हिशेब सोपा असतो. गाडीभोवती तो एक चक्कर मारतो, दोन-तीन ठिकाणी बुटाची टोच मारून बघतो आणि किलोचा भाव सांगतो. त्याच्या लेखी ती गाडी नसतेच, चाकं लावलेला पत्रा असतो. माझ्या बहिणीच्या परसात चिंचेखाली वीस वर्षं उभ्या असलेल्या पिकअपला असा भाव तीनदा सांगून झाला होता. भाच्याचं म्हणणं वेगळं. त्याची रोपवाटिका आहे, रोज पहाटे रोपं बाजाराला न्यायची असतात. नवी गाडी घ्यायची तर कमाई हप्त्यांतच जाणार. "मामू, अब्बांची गाडी रोज रस्त्यावर धावेल का?" असं त्यानं विचारलं. मी कवी माणूस, मी काय सांगणार? पण गॅरेजमध्ये बसून ऐकण्याची मला जुनी सवय आहे. तिथं ऐकलं, पाहिलं आणि मग वाचून पडताळून घेतलं, तेच आज सांगतो.

गाडी आहे महिंद्रांची एफसी-१५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, चालक थेट पुढच्या चाकांवर बसतो. अमेरिकेत विलिस कंपनीनं १९५६ च्या अखेरीस ती आणली, ब्रूक्स स्टीव्हन्स या आरेखनकारानं तिचं रूप ठरवलं. पुढं आपल्याकडे महिंद्रांनी ती बनवली. दोन आसांमधलं अंतर जीपएवढंच, ८१ इंच. पण नाक नसल्यामुळे मागं माल ठेवायला भरपूर जागा. इंजिन चालक आणि शेजारचा यांच्या मधोमध, झाकणाखाली. हिवाळ्यात ऊब, वैशाखात भट्टी! जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली, ती 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावानं आणि पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं.

आता गंज. मराठीत गंज कडब्याचीही असते आणि स्वयंपाकघरातला गंज तर आपण रोज विसळतो. पण लोखंडावरचा गंज या दोघांचा कुणी लागत नाही. उर्दूत त्याला 'झंग' म्हणतात आणि लढाईला 'जंग'. आमच्या गॅरेजच्या बोलीत दोन्हींचा उच्चार एकच होतो, आणि तो मला बरोबर वाटतो.

लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो. मीठ असेल तर तो झपाट्यानं वाढतो. म्हणून रत्नागिरीची गाडी आणि लातूरची गाडी एकाच वयाची असली तरी एकाच अवस्थेत नसते. खताची पोती वाहिलेली गाडी कोरड्या गावातही आतून खाल्लेली निघते, कारण खतं म्हणजे क्षारच. ॲल्युमिनियमवरही हवेनं थर बसतो, पण तो घट्ट असतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. गंजाचं उलट आहे. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि तो भुसभुशीत असल्यामुळे ओल धरून ठेवतो. म्हणजे गंजाखाली नवा गंज तयार होत राहतो. त्यावर कितीही महाग रंग मारा, दोन पावसाळ्यांत फोड येतात.

भाच्याला मात्र आधी रंगच मारायचा होता. सगळ्यांनाच तसं वाटतं. गाडी चकाकली की काम झाल्यासारखं वाटतं. आमच्या गावात एक म्हातारे डेंटर आहेत, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी रंगाचं नावही काढू दिलं नाही. हातात छोटी हातोडी घेऊन ते गाडीखाली शिरले आणि चासी ठोकत सरकू लागले. शाबूत लोखंड टणटण वाजतं. खाल्लेलं लोखंड भद्द आवाज करतं, तिथं पेचकस टोचला की तो सरळ आत जातो. चासीच्या पोकळ भागात, केबिन जिथं चासीवर बसते त्या रबरांजवळ, चाकांवरच्या कमानीत, पायाखालच्या मॅटखाली आणि हौद्याच्या सांध्यांत पाणी मुरतं. तिथंच आधी पाहायचं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं खिशात एक चुंबक ठेवावं. पत्र्याला ते चटकन चिकटतं. जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, जाड लांबी भरलेली आहे, आणि लांबीखाली काय चाललंय ते देवालाच ठाऊक.

खाल्लेला भाग कापून काढावाच लागतो. गंजक्या पत्र्यावर नवा पत्रा लावून वेल्डिंग करणं म्हणजे कुजलेल्या धोतराला नवं ठिगळ, शिवणीपाशीच फाटणार. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवायचा. पातळ पत्र्याला एका दमात टाका मारला तर उष्णतेनं तो पाखडायच्या सुपासारखा वाकतो. म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. चासीचं काम मात्र खरोखर जाणत्याकडूनच करून घ्यावं, कारण सगळा भार तिच्यावर असतो. आणि ग्राइंडर फिरवण्याआधी चासी नंबर कुठं ठोकला आहे ते पाहून त्यावर कागदी टेप लावावी. तो घासला गेला तर परिवहन कार्यालयात ती गाडी तुमचीच आहे हे पटवताना जीव मेटाकुटीला येतो.

वरवरच्या गंजाला कापाकापी लागत नाही. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपरनं सुटणारा भाग काढायचा, मग फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावायचं. उरलेल्या गंजाचं त्यामुळे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर होतं आणि त्याचा थर पत्र्याला घट्ट धरून बसतो. तांब्याचा हंडा चिंचेनं घासणाऱ्या आपल्या आयाबायांना आम्लाचं हे काम फार आधीपासून माहीत होतं. बिजागऱ्या, कड्या, नट-बोल्ट अशा लहान वस्तूंसाठी आणखी एक युक्ती आहे, मला ती सर्वांत आवडली. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा. वस्तू बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना लागू न देता पाण्यात सोडायच्या. काही तासांत गंज सैल होऊन खाली बसतो आणि चांगल्या लोखंडाला धक्काही लागत नाही. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि यात हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून टब उघड्यावर ठेवायचा, जवळपास बिडीसुद्धा नको. नंतर धुऊन, उन्हात वाळवून लगेच प्रायमर लावायचा. पावसाळी हवेत उघडं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस दिसू लागतं.

आमच्या भागात शिकलगार नावाचा समाज आहे. शिकल करणं म्हणजे हत्यारावरचा गंज काढून त्याला लखलखीत करणं. मिरजेत सतारी बनवणारी घराणी मूळची हीच, तलवारी गेल्या तेव्हा ते हात वाद्यांकडे वळले. उस्तादांची हातोडी चालताना पाहिली की मला त्यांची आठवण होते. आज गॅरेजमध्ये पत्रा ठोकून सरळ करण्यापेक्षा नवा भाग लावणं सोपं झालंय. जुन्या गाडीचा नवा भाग मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि घडवणारे थोडेच उरलेत.

गंजाचं काम उरकलं की रंगाकडे नव्हे, ब्रेककडे वळायचं. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत हाच भाग खरा जोखमीचा. त्या काळच्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच तेलाची वाट असे. एका चाकापाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. रिकामी गाडी गावात फिरवताना हे जाणवत नाही. भरलेली गाडी आंबा घाटातून खाली उतरताना ते पहिल्यांदा कळलं, तर शिकायला फार उशीर झालेला असतो. शिवाय ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे नळ्या आणि सिलिंडर आतूनही गंजतात आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पायाखालचं पेडल पोकळ लागतं. म्हणून नळ्या, रबरं, सिलिंडर सगळं नवं घ्यावं; आणि शक्य असेल तर पुढच्या व मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र वाटा असलेला मास्टर सिलिंडर बसवावा. एक वाट गेली तरी दुसरी उरते. जुन्या गाडीचं जुनेपण जपणारे यावर नाक मुरडतात. मुरडू देत.

वायरिंगबद्दल थोडक्यात: चिरलेल्या आवरणाची एकही तार ठेवू नये, फ्यूज वाढवावेत आणि डायनामोऐवजी अल्टरनेटर लावावा, म्हणजे सिग्नलला उभं असताना दिवे मंदावत नाहीत. रेडिएटरमध्ये बोअरच्या पाण्याचा क्षार साचलेला असतो, तो काढून घ्यावा. इंधनाकडे मात्र नीट बघायला हवं. देशभर शिसं नसलेलं पेट्रोल २००० मध्ये आलं. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या बैठकीला शिशाचा आधार असे, तेव्हा इंजिन उघडलंच आहे तर बैठका कठीण धातूच्या आहेत ना ते पाहून घ्यावं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढतं, म्हणजे टाकी आतून गंजते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात आणि गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी करू नये.

आता कागद. खरं तर पैसे खर्च करण्याआधी हेच पाहायचं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. अनेकांना याचा मोह होतो. पण अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची असते. रोज रस्त्यावर किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. रोपं वाहायची तर साधी नोंदणीच हवी. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागतं, थकलेला कर आणि विमा वेगळा. इंजिन बदललं किंवा बांधणीत फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी घ्यावी लागते. हे सगळं जमत नसेल तर भंगारवाल्याचा भाव घेतलेला बरा, असं मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. तो आधी परिवहन कार्यालयात जाऊन आला आणि मग त्यानं पहिला नट सोडला.

रंग लागला की राहते ती निगा. दाराच्या खालच्या कडेला आणि हौद्याच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. रंगारी घाईत ती बुजवून टाकतो. एक तार घेऊन ती मोकळी करावीत, चासीच्या पोकळीत मेणाचा थर फवारावा आणि पावसाळाभर दर आठवड्याला पाण्याच्या जोरदार धारेनं गाडी खालून धुवावी.