विश्लेषण : जमिनीखालचा प्लास्टिकचा पाइप न खोदता कसा सापडतो?

रस्त्याच्या खोदकामात जेसीबीचा धक्का लागून गॅसवाहिनी फुटल्याच्या बातम्या शहरांना नव्या नाहीत. घरोघरी गॅस पोहोचवणाऱ्या बहुतेक भूमिगत वाहिन्या पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या असतात. त्या गंजत नाहीत, पण जमिनीखाली शोधायला अवघड जातात.

धातुशोधक का चालत नाही?

धातुशोधक यंत्राच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो यंत्राला कळतो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. त्यामुळे हे यंत्र गप्पच राहते.

मग पर्याय कोणता?

‘ग्राउंड पेनेट्रेटिंग रडार’ म्हणजेच जीपीआर. हातगाडीसारखे ढकलत नेले जाणारे हे यंत्र जमिनीत रेडिओ लहरी सोडते. माती आणि पाइप यांचे विद्युत गुणधर्म वेगळे असल्याने काही लहरी पाइपवरून परत फिरतात. त्यांना लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. मातीत लहर एका नॅनोसेकंदात १० सेंटीमीटर जात असेल आणि ती २० नॅनोसेकंदांत परतली, तर पाइप एक मीटर खोल आहे.

दोन पाइपमधले अंतर कसे समजते?

यंत्र पाइपला आडवे नेतात. पाइप जवळ येतो तसा लहरींचा वेळ घटतो, ओलांडल्यावर वाढतो. पडद्यावर त्याची कमान उमटते. कमानीचा माथा ही पाइपची जागा आणि दोन माथ्यांमधले अंतर म्हणजे दोन पाइपमधले अंतर. पाइप फार जवळ असतील, तर कमानी एकमेकींत मिसळतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींनी त्या वेगळ्या दिसू शकतात, पण अशा लहरी खोलवर पोहोचत नाहीत.

मर्यादा काय?

ओली चिकणमाती लहरी शोषून घेते. म्हणूनच महाराष्ट्रातील काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, जीपीआरची नजर अधू होते. शिवाय दगड किंवा झाडाचे जाड मूळही कमान दाखवू शकते. खाली ‘काहीतरी आहे’ एवढेच रडार सांगते. ती गॅसवाहिनीच आहे का, हे नकाशे पाहून आणि हाताने चाचणी खड्डा खणूनच ठरवावे लागते.

यंत्राशिवाय काय करता येईल?

पाइप टाकतानाच त्याच्यासोबत तांब्याची तार पुरली, तर ती पुढे शोधयंत्राला सहज सापडते. खोदणाऱ्याने वाहिनीच्या मालकाला आधी कळवावे, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणले. पण त्याचा उपयोग जेसीबी सुरू होण्यापूर्वी केला तरच.