दगडाखालच्या नोंदी

ओल धरलेली कुंडी उचलली की बुडाशी १४ पायांचे राखाडी जीव पांगतात. इंग्रजीत त्यांना वुडलाऊस म्हणतात. हे कीटक नव्हेत. खेकडा, कोळंबी यांचे हे नातलग, समुद्रातून जमिनीवर आलेले. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांच्या भेगांत सैरावैरा पळणारा लिजिया याच गोतावळ्यातला. ब्रिटनमध्ये त्यांच्या घरांचा माग ज्या चिकाटीने काढला गेला, ती मला फार मोलाची वाटते.

१९०६ साली वेब आणि सिलेम यांनी ब्रिटिश वुडलाऊसवर ग्रंथ काढला. खरी चळवळ मात्र १९६८मध्ये अभ्यासगट स्थापन झाल्यावर उभी राहिली. जात सापडली की जागा लिहायचीच, पण ती कशाखाली होती हेही लिहायचं: दगड, साल, पालापाचोळा, शेणखत. १९८५मध्ये हार्डिंग आणि सटन यांनी प्रसार आणि अधिवास दोन्ही एकाच पुस्तकात मांडले.

या नोंदींचा अर्थ जीव हातात घेतल्यावर कळतो. पोर्सेलिओ स्केबर उलटा केला की मागच्या बाजूला पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन जोड्या दिसतात. ती त्याची फुप्फुसं, म्हणून तो कोरड्या भिंतीवरही निभावतो. ओनिस्कस ॲसेलसला ते ठिपके नाहीत. तो कुजक्या ओंडक्याची ओल सोडत नाही. चेंडूसारखा गुंडाळणारा आर्माडिलिडियम व्हल्गेअर चुनखडीच्या जमिनीत भरभरून आढळतो. पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस शेणखताच्या ढिगात राहतो; त्याला हात लावला की अंगावरची निळसर भुकटी बोटाला लागते. आणि प्लॅटिआर्थ्रस! पांढरा, आंधळा, जेमतेम ४ मिलिमीटरचा, मुंग्यांच्या वारुळातच संसार थाटणारा.

१९९१मध्ये स्टीव्ह हॉपकिन यांची ओळख-सूची आली आणि हौशी माणसाच्याही हाती भिंग आलं. २००९मध्ये स्टीव्ह ग्रेगरी यांनी नवा नकाशासंग्रह सिद्ध केला. असे नकाशे वाचताना एक भान ठेवावं लागतं: ठिपका नाही तिथे जीव नाही असं नसतं, कदाचित तिथे कुणी गुडघे टेकून पाहिलेलंच नसतं. ट्रायकोनिस्कस पिग्मिअस अवघा अडीच मिलिमीटरचा. उन्हाळ्यात माती वाळली की तो खोल उतरतो. त्याला शोधायचं तर जमीन भिजलेली असताना जावं, ढेकूळ हळूच फोडावं आणि श्वास रोखून पाहत राहावं.