विहिरीवरील जुन्या इंजिनाचा अल्प खर्चात जीर्णोद्धार

चौसाळा व त्याच्या सभोवारचा बालाघाटाचा माथा पर्जन्याच्या बाबतीत भरवशाचा नव्हे. ज्वारी पोटऱ्यात असता किंवा हरभऱ्यास घाटे धरत असता एक पाणी मिळाले तर पीक पदरात पडते. न मिळाले तर बियाण्याचीही फेड होत नाही. विजेचे व सौर पंप आल्यापासून तेलाचे इंजिन मागे पडले, हे खरे. तथापि वीज पाळीने येते, पुष्कळदा रात्रीच येते, आणि ऐन हंगामात रोहित्र जळाले म्हणजे पिकास थांबा म्हणता येत नाही. अशा वेळी गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनाची आठवण होते. ते भंगाराच्या भावाने द्यावे की थोडक्या पैशांत पुन्हा उभे करावे, या प्रश्नाचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

ही इंजिने टाकाऊ समजण्याचे कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली व लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिचे एव्ही-१ हे ५ अश्वशक्तीचे इंजिन आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचे आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि वेग मिनिटास १५०० फेरे. वेग बेताचा, भाग जाड व रचना साधी असल्यामुळे अशा इंजिनाचा झिजलेला भाग तेवढा बदलून बाकीचे वर्षानुवर्षे वापरता येते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. एव्ही-१ मध्ये पिस्टन हवेस सुमारे साडेसोळा पट दाबतो. त्या दाबाने हवा तापते व तीत उडालेले तेल पेट घेते. म्हणून दाब गळू लागला की थंडीच्या सकाळी हँडल मारून हात भरून येतात, तरी इंजिन सुरू होत नाही.

इंजिन उघडण्यापूर्वी त्याचा धूर पाहावा. धूर काळा असेल तर हवेची गाळणी तुंबली आहे, नॉझल नीट फवारत नाही किंवा भार अधिक आहे. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. पांढरा धूर दाब कमी असल्याचे, पंपाची वेळ चुकल्याचे किंवा आत पाणी शिरल्याचे लक्षण होय. काळ्या धुरासाठी प्रथम गाळणी व नॉझल तपासावे; कित्येकदा तेवढ्यावरच काम भागते. नॉझलच्या फवाऱ्यापुढे मात्र हात कदापि धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो व मोठा अपाय करतो. दाब गळत असेल तर हवेच्या वाटेने चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये सोडून हँडल फिरवावे. दाब वाढलासा वाटल्यास दोष रिंगा व लायनर यांचा. फरक न पडल्यास बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

लायनर किती झिजला हे जाणण्यास महाग उपकरण नको. एक फीलर गेज पुरे. एक रिंग लायनरच्या तळाशी, जेथे पिस्टनच्या रिंगा पोहोचत नाहीत तेथे, पिस्टनने ढकलून सरळ बसवावी व तिच्या तोंडाची फट मोजावी. तीच रिंग वरच्या कंगोऱ्याच्या लगत खाली बसवून पुन्हा मोजावी. दोन्ही फटींतील फरकास ३.१४ ने भागले म्हणजे व्यासातील झीज निघते. उदाहरणार्थ, फरक ०.६३ मिलिमीटर असेल तर झीज ०.२ मिलिमीटर. झीज पाव मिलिमीटरच्या घरात गेली असता नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. शिवाय वरच्या कंगोऱ्यावर आदळून नवी रिंग तुटते ती निराळीच. तेथे लायनर, पिस्टन व रिंगा हा संच एकत्रच बदलावा. ज्या इंजिनांत लायनर बदलता येत नाही, त्यांत ब्लॉकच बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. हे काम चांगल्या लेथवाल्यासच द्यावे.

क्रँकचे जर्नल दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजून घ्यावे. गोलाई शाबूत असेल तर केवळ बेअरिंग बदलून भागते. ते लंबगोल झाले असेल तर ग्राइंड करून त्या मापाचे बेअरिंग घालावे. लंबगोल क्रँकवर नवे बेअरिंग चढविले तर थोड्याच दिवसांत ठोका पुन्हा ऐकू येतो.

काटकसर कोठे करावी, हेही सांगितले पाहिजे. व्हॉल्व्ह घरीच पेस्ट लावून घासता येतात. नंतर पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून ते झिरपते का पाहावे. तांब्याचे वॉशर लाल तापवून पाण्यात विझविले की मऊ होऊन पुन्हा उपयोगी पडतात. सुटे भाग उघडणे, धुणे, पाण्याच्या मार्गातील क्षार खरवडणे ही कामे आपली आपण करावी. परंतु हेड गॅस्केट, रिंगा व बेअरिंग जुनी वापरू नयेत. रंगावर तर छदामही घालू नये. दुकानात भाग देताना त्यावर पंचाने खूण करावी व बदललेले जुने भाग परत मागून घ्यावे. अदलाबदलीचा संशय उरत नाही.

जोडणी करताना हेडचे नट समोरासमोरचे घेत टप्प्याटप्प्याने आवळावे. प्रथम काही तास भार हलका ठेवावा व पहिले ऑइल लवकर बदलावे. आपल्याकडील उन्हाळ्याची धूळ ही लायनरची खरी वैरीण. हवेची गाळणी अस्वच्छ ठेवून केलेली दुरुस्ती एका हंगामाचीही धनी होत नाही.

आता निर्णयाविषयी. हेडला किंवा ब्लॉकला तडा नसेल आणि सर्व खर्चाची यादी आगाऊ करून ती नव्या इंजिनाच्या निम्म्या किमतीच्या आत राहत असेल, तर दुरुस्ती अवश्य करावी. तडा असेल, क्रँक व लायनर दोन्ही गेले असतील आणि त्यासाठी हातउसने काढावे लागणार असेल, तर मोह आवरावा. भंगाराचा पैसा घेऊन शेजाऱ्याशी भागीने एक चांगले इंजिन ठेवणे त्यापेक्षा शहाणपणाचे. ही मोजणी पेरणीनंतरच्या उसंतीत करावी. पीक सुकू लागल्यावर इंजिन उघडणाऱ्यास दुकानदार सांगेल ती किंमत द्यावी लागते.