सर्पगंधा, खाजकुइली आणि कंपवात

आदिलाबाद जिल्ह्याच्या पानगळी जंगलांत थंडीच्या दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा वाळतात, आणि त्यांच्यावरची तपकिरी लव अंगाला लागली की खाजेने जीव नकोसा होतो, म्हणून तिच्या वेलापासून माणसे चार हात दूरच राहतात. मात्र तिच्या बियांत वजनाच्या साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असते आणि कंपवातावरचे आजचे प्रमुख औषध हेच द्रव्य आहे.

कंपवातात, म्हणजे जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या विकारात, मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या काळसर भागातील चेतापेशी हळूहळू मरतात. या पेशी डोपामिन तयार करतात. हे रसायन एका पेशीचा निरोप दुसरीकडे पोहोचवते आणि त्यामुळेच हालचाल सहज सुरू होते. डोपामिन निम्म्याहून अधिक घटेपर्यंत मेंदू कशीबशी तोंडमिळवणी करतो. मग स्वस्थ ठेवलेला हात थरथरू लागतो, अक्षर बारीक होत जाते, सदऱ्याचे बटण लावायला वेळ लागतो, आणि घरची माणसे हे सारे वयाच्या खाती टाकतात, ही खरी खेदाची गोष्ट आहे.

या रसायनाचा माग लागला तो दुसऱ्या एका भारतीय वनस्पतीमुळे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला आणि १९५२ साली तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. रेसर्पिन चेतापेशींतील डोपामिनचा साठा रिता करते. ते दिलेले ससे निपचित पडतात, हे पाहून स्वीडनचे अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली त्यांना, डोपामिन ज्यापासून बनते ते, डोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. १९६० साली व्हिएन्नातील एरिंगर आणि हॉर्निकिविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंत डोपामिनचा तुटवडा प्रत्यक्ष मोजला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एका झाडाने साठा रिकामा करून दाखवावा आणि तो भरून काढणारे द्रव्य दुसऱ्या वेलाच्या बियांत असावे, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

डोपामिनच का देत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर डोपामिनला आत सोडत नाही, लेव्होडोपाला सोडतो. आणि ते वाटेतच डोपामिनमध्ये बदलून मळमळ होऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपाची जोड असते. मुंबईत अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली खाजकुइलीच्या बियांनी केलेल्या उपचाराचा अभ्यास प्रसिद्ध केला असला, तरी रानातल्या बियांतील मात्रा कमीजास्त असते, त्यामुळे त्या आपल्या मनाने खाणे धोक्याचे ठरते. शिवाय लेव्होडोपा उणीव भरून काढते, पेशींचे मरण थांबवत नाही, म्हणून काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर ओसरू लागतो. अशा वेळी भाकरीबरोबरचे तुरीचे वरणही आड येऊ शकते, कारण प्रथिनांतील घटक त्याच वाटेने मेंदूत शिरतात आणि गोळीला खोळंबून राहावे लागते. डॉक्टर म्हणूनच ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात.