कोपऱ्यातलं कापड

जपानी घरात नववर्षाच्या दिवशी जूबाको उघडला जातो. एकावर एक बसणारे हे चौकोनी लाकडी डबे. आत गोडसर काळे सोयाबीन, हेरिंग माशाची अंडी, कोळंबी. नोतो द्वीपकल्पावरच्या वाजिमा गावात, रोगणकामाच्या कार्यशाळेत बसले तेव्हा मात्र डबे रिकामे होते आणि माझं लक्ष कोपऱ्यांवर होतं.

चौकोनी डबा आधी तिथेच दगा देतो. ओल-कोरड्यानं लाकूड फुगतं, आखडतं आणि सांध्यावरचं रोगण तडकतं. म्हणून कारागीर कडा-कोपऱ्यांवर उरुशी हे रोगण लावून कापडाची पट्टी चिकटवतो, एकही सुरकुती न ठेवता. त्यावर जिनोको चढते. नोतोतली ही डायटमची, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची, माती भाजून, दळून, उरुशी आणि भाताच्या खळीत कालवतात. आधी भरड, मग मध्यम, मग बारीक. मातीची छिद्रं उरुशी पिऊन घेतात आणि थर टणक होतो. मग तो दगडानं घासायचा.

उरुशी म्हणजे झाडाचा चीक. झाड बिब्ब्याच्याच कुळातलं, त्यामुळे चीक अंगाला लागला तर तसाच उततो. 10 ते 15 वर्षं वाढलेलं झाड हंगामभरात साधारण 200 ग्रॅम चीक देतं. तो उन्हात नीट वाळत नाही. चिकातलं विकर हवेतला ऑक्सिजन वापरून त्याला घट्ट करतं आणि या विकराला दमट हवा लागते. म्हणून डबे मुद्दाम ओलसर ठेवलेल्या लाकडी कपाटात जातात.

शेवटचा हात बंद खोलीत, माणसाच्या केसांच्या ब्रशनं. धुळीचा कण दिसला की कारागीर पिसाच्या टोकानं तो अलगद उचलतो. नंतर उरुशी ओघळू नये म्हणून कपाटातला डबा ठरावीक वेळानं उलटा-सुलटा फिरत राहतो.

1 जानेवारी 2024 रोजी, हे डबे घरोघरी मांडलेले असतात त्याच दिवशी, नोतोत 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमातल्या कितीतरी कार्यशाळा कोसळल्या, काही आगीत गेल्या. कारागिरांनी उरलेली हत्यारं गोळा करून पुन्हा काम मांडलं, याचं मला मोठं मोल वाटतं. कारण टवका उडालेला जूबाको टाकून देत नाहीत. तो खरवडून, पुन्हा पुटं देऊन वापरात आणता येतो. पण त्यासाठी हे हात शिल्लक हवेत. जूबाको घेणाऱ्यानं चकाकीआधी कोपऱ्यातल्या कापडाची चौकशी करावी. जूबाकोची खरी किंमत त्या न दिसणाऱ्या कामाची असते.