'एबल'चा कैवारी

काशीच्या सरकारी संस्कृत महाविद्यालयात १८५० साली फिट्झएडवर्ड हॉल हा अमेरिकन तरुण अध्यापक म्हणून रुजू झाला. धातू आणि प्रत्यय वेगळे करून शब्द पारखण्याची दृष्टी त्याला तेथील पंडितांच्या सहवासात लाभली असावी. पुढे तो इंग्लंडला गेला. तेथे 'रिलायेबल' म्हणजे विश्वसनीय या शब्दावर शुद्धिवादी तुटून पडले होते. 'रिलाय'ला 'ऑन' लागतेच. ते गाळून 'एबल' जोडणे अशुद्ध, असा त्यांचा आक्षेप. हॉलने १८७७ साली 'एबल'अंती विशेषणांवर ग्रंथच लिहिला! 'लाफेबल' म्हणजे हास्यास्पद. त्यात 'ॲट' कोठे उरले आहे? 'इन्डिस्पेन्सेबल' म्हणजे ज्यावाचून चालत नाही असे. त्यातले 'विथ'ही गळालेच. मग एकट्या 'रिलायेबल'वर रोष का?

संस्कृतातही विश्वास सप्तमीत ठेवतात. पण 'विश्वसनीय' या शब्दाला ती सप्तमी कोणी विचारीत नाही.

ऑक्सफर्डच्या महाकोशासाठी हॉलने आयुष्याची अखेरची वीस वर्षे विनावेतन राबून जुन्या ग्रंथांतील शब्दांचे दाखले पुरविले. १९०१ साली तो वारला, तेव्हा कोश अपुराच होता. तो पुरा झाला १९२८ साली.